पायबंदाची जागा

घोड्याच्या पायाकडे बारकाईने पाहण्याचा प्रसंग ज्यांच्या वाट्यास कधी आला नसेल, त्यांस त्या पायाचे दोनच भाग सहसा ठाऊक असतात. एक गुडघा आणि दुसरा खूर. ह्या दोहोंच्या दरम्यान नळीचे लांब हाड सरळ खाली उतरते, त्याच्या शेवटी घोट्याचा फुगीर सांधा येतो, आणि त्या घोट्यापासून खुराच्या वरच्या कडेपर्यंत एक आखूड, पुढच्या बाजूस कललेला भाग असतो, ज्याकडे पाहणाऱ्याची नजर क्वचितच थांबते. इंग्रजीत ह्या भागास ‘पॅस्टर्न’ म्हणतात. पशुवैद्यकाच्या व्यवसायात माझे जे आयुष्य गेले त्यातला फार मोठा अंश ह्या चार बोटांच्या जागेवर हात ठेवण्यात गेला; आणि तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ व उगम शोधताना जे समजले ते शरीरशास्त्राच्या ग्रंथांनी दिलेल्या ज्ञानाहून कमी मोलाचे नाही, अशी खात्री झाल्यामुळेच ते येथे क्रमाने मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम त्या जागेची रचना सांगणे अवश्य आहे. घोड्याच्या पुढच्या पायातील ज्या सांध्यास आपण गुडघा म्हणतो तो वस्तुतः आपल्या मनगटाच्या जागी असलेला सांधा होय, आणि मागच्या पायात मागे वळलेला जो टोकदार सांधा दिसतो ती त्याची टाच. मनगटाखालची नळी म्हणजे आपल्या तळहातातील मधल्या बोटाचे हाड; त्याखालचा घोटा म्हणजे त्या बोटाचे मूळ; आणि पॅस्टर्न म्हणजे त्याच मधल्या बोटाची पहिली दोन पेरे. तिसरे पेर खुराच्या आत दडलेले असते, आणि खूर हे त्या बोटाचे नख. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी ह्या वंशाचा जो लहानखुरा पूर्वज वावरत होता त्याच्या पुढच्या पायास चार व मागच्या पायास तीन बोटे होती. पुढे युगानुयुगे कडेची बोटे झिजत गेली आणि आजचा घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, त्याच्या नखाच्या आधाराने, उभा राहू लागला. ह्या रचनेचा एक परिणाम असा की, गुडघ्याखाली व टाचेखाली मांसल स्नायू जवळजवळ उरलेलाच नाही. पॅस्टर्नवर बोट ठेवले असता कातडीखाली लगेच कंडरा, बंध, शिरा, मज्जातंतू आणि हाड ह्यांचाच स्पर्श होतो. जेथे मांसाचे आच्छादन नाही तेथे बाहेरची लहान इजादेखील थेट मर्मापर्यंत पोहोचते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सांगावयाचा सारा मजकूर तिच्यावर अवलंबून आहे.

माझे शिक्षण परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झाले. बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाने उभ्या असलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात १८८६ साली ही संस्था सुरू झाली, आणि लष्करी पशुवैद्यक खात्यातील जॉन हेन्री स्टील हे तिचे पहिले प्राचार्य होते. लष्करी परंपरेत जन्मलेल्या त्या संस्थेत घोडा हा साहजिकच अग्रपूजेचा मानकरी होता. गाय, बैल, म्हैस ह्यांची पाळी त्याच्या मागून येई. अध्यापन सर्वस्वी इंग्रजीत, आणि शरीररचनेसाठी सेप्टिमस सिसन ह्यांचा जाडजूड ग्रंथ प्रमाण. त्या ग्रंथातील लॅटिन नावे घोकून पाठ करीत असतानाच दुसरी एक नावांची पंगत आमच्या कानांवर पडे, आणि ती इंग्रज घोडेवाल्यांच्या तबेल्यातून आलेली असे. खुराच्या आतील हाडास ते ‘कॉफिन’ म्हणजे शवपेटीचे हाड म्हणत, खुराच्या तळव्यावरील मऊ त्रिकोणी भागास ‘फ्रॉग’ म्हणजे बेडूक म्हणत, नळीस तोफेच्या नावाने ओळखत. परीक्षकापुढे लॅटिन नाव सांगावयाचे आणि घोड्याच्या मालकापुढे तबेल्यातले, अशी दुहेरी भाषा आम्हांस अवगत करून घ्यावी लागे. आणि त्या दुहेरी भाषेत ‘पॅस्टर्न’ हा शब्द आम्ही कसलाही अर्थ मनात न आणता, केवळ एका जागेची खूण म्हणून, उच्चारीत असू. शवपेटी, बेडूक, तोफ ह्यांना निदान डोळ्यांपुढे उभे राहील असे काही रूप होते. ह्या शब्दास तेही नव्हते.

जी. बी. व्ही. सी., म्हणजे त्या महाविद्यालयाचा पदवीधर, होऊन बाहेर पडल्यावर काही काळ शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत आणि पुढे बराच काळ भाड्याच्या टांगे-व्हिक्टोरियांच्या घोड्यांत माझे काम चालले. आणि मग त्या चार बोटांच्या जागेचे महत्त्व मला कळू लागले. निरोगी घोड्याचा पुढचा पॅस्टर्न जमिनीशी सुमारे ४५ ते ५० अंशांचा कोन करतो, मागचा त्याहून किंचित उभा असतो, आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार त्याच रेषेत पुढे चालू राहिला तर तो पाय सुलक्षणी समजावा. घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याच्या देहाचा सारा भार क्षणभर एकेका पायावर येतो, घोटा जमिनीकडे दबतो, आणि ह्याच कललेल्या हाडांच्या व त्यांमागील कंडरांच्या लवचिकपणामुळे तो आघात सोसला जाऊन पुढच्या झेपेसाठी परत मिळतो. पॅस्टर्न फार लांब व फार उताराचा असेल तर चाल मऊ लागते, परंतु कंडरांवर ताण येऊन त्या सुजतात. तो आखूड व उभा असेल तर प्रत्येक पावलाचा धक्का सरळ सांध्यांत जातो, आणि डांबरी सडकेवर वर्षानुवर्षे धावणाऱ्या टांग्याच्या घोड्यास त्या जागी हाडाचे कडे वाढून कायमचा लंगडेपणा येतो.

हे तत्त्व आधुनिक नाही. अश्वारोहणावर ग्रंथ लिहिणाऱ्या झेनोफन ह्या ग्रीक सेनानीने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच घोडा विकत घेणाऱ्यास सांगून ठेविले आहे की परीक्षा पायांपासून आरंभावी, आणि खुराच्या वर व घोट्याच्या खाली असलेली हाडे बकरीच्या पायाप्रमाणे ताठ असू नयेत, तशीच फार खालीही झुकलेली असू नयेत. कारण पहिल्या प्रकारात स्वारास हिसके बसतात आणि दुसऱ्या प्रकारात ढेकळांतून व दगडांतून जाताना ती जागा सोलवटते. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने जागा नेमकी दाखविली, तिचे दोन्ही दोष सांगितले, आणि दोन्ही दोषांचे परिणामही वर्णिले.

रोगनिदानाच्या कामी ह्या जागेइतकी बोलकी जागा घोड्याच्या सर्व शरीरात दुसरी नाही. घोट्याच्या दोन्ही अंगांनी आणि पॅस्टर्नवरून खाली उतरणाऱ्या धमन्यांवर बोटे ठेविली असता निरोगी घोड्याची नाडी मंद लागते. खुराच्या आतील पटलांचा दाह सुरू झालेला असेल तर तीच नाडी बोटांखाली ठणाणा उडते, आणि खुरावर काहीही दिसत नसताना आत काय चालले आहे ह्याची वर्दी देते. घोडा लंगडतो, पण दुखणे नेमके कोठे आहे हे उमगत नाही, अशा वेळी पॅस्टर्नच्या मागच्या दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंपाशी प्रोकेनचे थोडेसे औषध टोचावयाचे आणि काही वेळाने घोड्यास पुन्हा दुडकीने धाववावयाचे; तो सरळ चालला तर दुखण्याचे मूळ खुराच्या मागील भागात आहे असे ठरते, आणि लंगडतच राहिला तर शोध वरच्या बाजूस न्यावा लागतो. अशा रीतीने त्या जागेशी माझा नित्याचा परिचय होत गेला, परंतु तिच्या नावाचा उलगडा व्हावयास निराळेच कारण घडले.

टांग्यांच्या तबेल्यांत, विशेषतः पावसाळ्याच्या दिवसांत, माझ्यापुढे येणाऱ्या घोड्यांपैकी कितीतरींच्या मागच्या पायांवर एकाच ठिकाणी जखमा असत. घोट्याच्या खाली, खुराच्या वर, पायाभोवती फिरलेला एक वळ. प्रथम केस झडून कातडी राठ झालेली, मग ती फाटून पाझरू लागलेली, आणि हयगय झाली असेल तर माश्या बसून अळ्या पडलेली. नोंदवहीत मी ‘पॅस्टर्नवरील जखम’ असा शेरा लिही, धुणे, मलम, पट्टी ह्यांची व्यवस्था करी आणि धनुर्वाताची लस टोची, कारण घोड्याइतके धनुर्वातास बळी पडणारे पाळीव जनावर दुसरे नाही. जखम बरी होई, आणि काही काळाने तोच घोडा तशीच जखम घेऊन परत येई.

कारण गूढ नव्हते. ते घोड्याच्या ठाणावरच दिसत होते. आपल्याकडे घोडा बांधण्याची परंपरागत रीत म्हणजे अगाडी आणि पिछाडी. मोरकीपासून निघालेले दोर पुढच्या मेखांस बांधावयाचे, ती अगाडी. आणि मागच्या पायांत फास घालून त्यांचे दोर मागे ताणून मेखेस बांधावयाचे, ती पिछाडी. घोड्याने शेजाऱ्यास लाथ मारू नये, वळून रांग मोडू नये, म्हणून हा बंदोबस्त. छावणीच्या मोकळ्या मैदानात, रुंद पट्ट्याच्या पिछाडीने, जाणत्या मोतद्दाराच्या देखरेखीखाली तो फारसा अपाय करीत नाही. परंतु शहरातल्या कोंदट तबेल्यात पट्ट्याच्या जागी अंबाडीचा किंवा तागाचा बारीक दोर आला, आणि असा दोर पाण्याने भिजला म्हणजे फुगतो व आखडतो; म्हणून संध्याकाळी सैल वाटलेला फास मध्यरात्री आवळलेला असे, आणि डासांनी हैराण झालेले जनावर पाय झाडू लागले की तो दोर कातडीत करवतत जाई.

पुण्यातील एका तबेल्यात एक वयोवृद्ध मोतद्दार होता. आयुष्याचा पूर्वार्ध त्याने रिसाल्यात काढलेला. पिछाडी घोट्याच्या वर, नळीवर का बांधू नये, असे मी त्यास एकदा विचारले. त्याने घोड्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, घोट्याच्या खालच्या खोलगट भागावरून अंगठा फिरविला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, नळीवर बांधली तर ती खाली घसरत येते. खुरावर बांधली तर निसटून जाते. वरती घोटा फुगीर, खाली खूर रुंद. मधी ही कंबर. दोराला बसायला दुसरं ठाणं नाही.” उत्तर हिंदुस्थानातले सईस ह्या भागास गामची म्हणतात, हेही प्रथम त्याच्याच तोंडून ऐकले. त्याच्या त्या थोडक्या शब्दांत शरीररचनेचा एक संपूर्ण सिद्धांत होता. घोट्याचा फुगवटा आणि खुराचा घेर ह्यांच्यामुळेच ही चार बोटांची जागा बंधनास योग्य झाली आहे. निसर्गाने ती उडी झेलण्यासाठी घडविली, आणि मनुष्याने तिचा उपयोग उडी रोखण्यासाठी केला.

हा संवाद मनात घोळत असतानाच एके दिवशी मुंबईच्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा बृहद् इंग्रजी कोश चाळण्याचा योग आला, आणि ‘पॅस्टर्न’ ह्या शब्दाची कुळकथा माझ्यापुढे उलगडली. लॅटिन भाषेत चरणे, चारणे ह्या अर्थाचा जो धातू आहे त्यापासून मेंढपाळास ‘पास्टर’ म्हणत. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पास्टोरिया’ हे नाव, कुरणात सोडलेले जनावर दूर जाऊ नये म्हणून त्याच्या पायांस बांधावयाच्या दोरास मिळाले. जुन्या फ्रेंच भाषेत तो दोर ‘पास्त्यूर’ झाला, आणि ज्या जागी तो बांधावयाचा त्या जागेस ‘पास्त्यूरों’ म्हणू लागले. आजच्या फ्रेंचमध्ये तोच शब्द ‘पात्यूरों’ ह्या रूपाने नांदतो. इंग्लंडात हा शब्द मध्ययुगात पोहोचला तेव्हा त्याचा अर्थ प्रथम जनावराच्या पायातील बेडी असाच होता. पुढे बेडीचा अर्थ मागे पडून केवळ पायाचा भाग उरला. इटालियन भाषेत ‘पास्तोइआ’ म्हणजे आजही घोड्याच्या पायातील बंध. ह्याच मुळापासून निघालेले फ्रेंच क्रियापद गुंतवून टाकणे, पाय अडकविणे ह्या अर्थाने चालू आहे, आणि इंग्रजीत सतावणे ह्या अर्थाचे ‘पेस्टर’ हे क्रियापद त्याच कुळातले; ज्याच्या पायांत दोर आहे त्याची तडफड त्या क्रियापदात अद्याप शिल्लक आहे. जर्मन भाषेत ह्या भागास ‘फेसल’ म्हणतात, आणि बेडीसही ‘फेसल’च म्हणतात, हे दोन शब्द मुळात निराळे असल्याचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात, परंतु बोलणाऱ्यांच्या जिभेवर ते एकरूप झाले, ह्यात ती जागा आणि ते बंधन ह्यांचा सहवासच कारणीभूत झाला असावा असे मला वाटते.

म्हणजे आम्ही महाविद्यालयात ज्या शब्दास निरर्थक खूण समजत होतो तो अर्थाने शिगोशीग भरलेला होता. नोंदवहीत ‘पॅस्टर्नवरील जखम’ असे मी लिहीत होतो तेव्हा, शब्दाचे मूळ पाहता, ‘बंधनाच्या जागेवरील जखम’ असेच लिहीत होतो. रोगाचे कारण त्या नावात शतकानुशतके नमूद होते. मोतद्दाराचा अंगठा आणि कोशाचे पान ह्या दोहोंनी मला एकच गोष्ट दोन वाटांनी सांगितली.

ह्या शब्दाचा इतिहास सांगताना डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन ह्यांचे नाव टाळणे शक्य नाही. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी कोशात ४२,००० हून अधिक शब्दांचे अर्थ दिले आहेत, आणि लंडनच्या एका घराच्या माळ्यावर थोड्याशा लेखनिकांच्या साह्याने एका पुरुषाने ते काम पार पाडले, हे आठवले की आजही मन नम्र होते. त्या कोशात पॅस्टर्न म्हणजे घोड्याचा गुडघा, असा अर्थ दिला आहे. बॉस्वेलने आपल्या जॉन्सन-चरित्रात नमूद केले आहे की, एका बाईंनी जॉन्सन ह्यांस ह्या अर्थाबद्दल विचारले तेव्हा, ते काहीतरी पांडित्यपूर्ण समर्थन करतील अशी अपेक्षा असता, निव्वळ अज्ञानामुळे तसे लिहिले गेले असे त्यांनी तत्काळ सांगून टाकले. हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात त्या थोर पुरुषाच्या सत्यनिष्ठेचे दर्शन घडते, आणि त्याबरोबरच ती चूक कशी घडली असेल ह्याचा विचार करणे अधिक उपयुक्त वाटते. लिचफिल्डच्या एका पुस्तकविक्याच्या घरी जन्मून लंडनच्या गल्ल्यांत आयुष्य काढलेल्या त्या विद्वानाने शब्दांचे अर्थ थोर ग्रंथकारांच्या प्रयोगांवरून निश्चित करण्याची पद्धती अवलंबिली होती. आता शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात फ्रेंच राजपुत्र लढाईच्या आदल्या रात्री आपल्या घोड्याची प्रौढी मिरवितो तेथे हा शब्द आला आहे. परंतु त्या वाक्यात पॅस्टर्नच्या जागी गुडघा घातला तरी अर्थास बाध येत नाही. वाक्यावरून शब्दाचा गौरव कळतो, रस कळतो, पण पायावरची जागा कळत नाही. ती जागा दाखविण्यासाठी कोणीतरी घोड्याचा पाय उचलून मांडीवर घ्यावा लागतो. ज्ञानाचे काही प्रकार केवळ स्पर्शाच्या परंपरेनेच पुढे जातात, आणि ती परंपरा ज्यांच्या हाती असते ते लोक बहुधा कोश लिहीत नाहीत, ही ह्या कथेतील खरी खंत आहे.

आपल्या मराठीकडे वळावे तर येथेही तोच दोर आढळतो, मात्र त्याचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. ‘पायबंद’ हा फारसी वळणाचा शब्द आज आपण राज्यकारभारात, वर्तमानपत्रात, सभेच्या ठरावात सर्रास वापरतो; महागाईस पायबंद, गुन्हेगारीस पायबंद, उधळपट्टीस पायबंद. परंतु त्याचा मूळ अर्थ घोड्याच्या मागच्या पायांस बांधावयाचा दोर, म्हणजेच पिछाडी, असा आहे. ज्या राज्यात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येत आणि बारगीर सरकारी पागेतील घोड्यावर स्वार होत, ज्या व्यवस्थेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे म्हणून सभासद बखरीत नमूद आहे, जेथे शिलेदारांस देण्याच्या आगाऊ रकमेसच नालबंदी हे नाव पडले, तेथे राजकारणाची भाषा घोड्याच्या ठाणावरून उचलली जावी ह्यात नवल नाही. युरोपात दोराचे नाव घोड्याच्या पायास चिकटून राहिले. महाराष्ट्रात तेच नाव पाय सोडून संयमनाच्या अमूर्त कल्पनेपर्यंत गेले. भीमथडीच्या तट्टांवरून ज्यांनी मुलूखगिरी केली त्यांच्या वंशजांस तो शब्द तोंडपाठ आहे, पण तो घोड्याच्या शरीरावर कोठे बसत होता ह्याची आठवण पुसली गेली आहे. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य जो शालिहोत्र, त्याच्या नावावरून घोड्याच्या वैद्यास सालोत्री म्हणत. तो शब्दही आता जुन्या कागदपत्रांपुरता उरला आहे.

ह्या सर्व विचारांस एका प्रसंगी व्यवहाराचे स्वरूप आले. पशुवैद्यकातील इंग्रजी संज्ञांस मराठी पर्याय ठरविणाऱ्या एका समितीने मला चर्चेसाठी पाचारण केले होते, आणि पॅस्टर्नची पाळी आली तेव्हा सभासदांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, ती हाडे बोटाची पेरे असल्याने त्यांस प्रथम अंगुलिपर्व व द्वितीय अंगुलिपर्व म्हणावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जो शब्द मोतद्दार, नालबंद, टांगेवाला ह्यांस उमगणार नाही तो रुग्णालयाच्या ओसरीवर निरुपयोगी ठरेल. मी अशी विनंती केली की दोन्ही पक्षांचे म्हणणे ग्राह्य धरावे, कारण ती दोन निरनिराळी सत्ये आहेत. ‘अंगुलिपर्व’ हा शब्द त्या जागेचे नैसर्गिक मूळ सांगतो. घोडा एका बोटावर उभा आहे, हे शास्त्रीय तथ्य त्यात आहे. ‘पायबंदाची जागा’ हा शब्द मनुष्याने त्या जागेचे काय केले ते सांगतो. हाडाचे नाव पहिल्या प्रकारचे असावे आणि बाहेरून दिसणाऱ्या, हाताने चाचपावयाच्या भागाचे नाव दुसऱ्या प्रकारचे असावे, अशी माझी सूचना होती. हाडांपुरती ती मान्य झाली. भागासाठी मात्र पॅस्टर्न हाच शब्द देवनागरीत ठेवावा असे ठरले. त्या निर्णयात मला वावगे काही वाटले नाही, कारण परकीय शब्द आपल्याबरोबर आपला इतिहास घेऊन येतो, आणि तो इतिहास विद्यार्थ्यास सांगण्याचे काम शिक्षकाचे आहे.

म्हणून पुढे नवशिके पदवीधर माझ्याबरोबर काम शिकण्यास येऊ लागले तेव्हा मी त्यांस हा शब्द तबेल्यात, घोड्याचा पाय हाती घेऊन, शिकवीत असे. घोटा व खूर ह्यांमधील खोलगट भागाभोवती बोटे फिरवून केस कोठे विरळ झाले आहेत, कातडी कोठे जाड लागते, मागच्या खळगीत भेगा आहेत काय, हे आधी पाहावयाचे, नाडी घ्यावयाची, आणि मग शब्दाचा उगम सांगावयाचा. त्याचबरोबर नोंदवहीतील माझ्या शेऱ्याचा मसुदाही बदलला. दुखण्याच्या रकान्यात ‘पॅस्टर्नवरील जखम’ आणि कारणाच्या रकान्यात ‘पायबंद’ असे दोन्ही लिहू लागल्यापासून उपचाराचा रोख आपोआप मलमाकडून दोराकडे वळला. मालकास मी सांगू लागलो की बारीक दोर टाकून आतून नमदा लाविलेला तीन बोटे रुंदीचा चामडी पट्टा वापरावा. भिजलेला पट्टा वाळवून, तेल देऊन मऊ करावा. पिछाडी दोन्ही पायांस सदासर्वकाळ न घालता शांत जनावरास एका पायावर ठेवावे व तो पाय आलटून पालटून बदलावा. आणि जेथे आडोसा करून घोड्यास मोकळे उभे करता येईल तेथे रात्री पिछाडी काढूनच टाकावी. खर्च फारसा नाही; खराऱ्याच्या वेळी पट्टा सोडून पायाकडे एकदा पाहण्याइतकी तसदी मात्र आहे. ज्या तबेल्यांनी ही तसदी घेतली तेथील घोडे तशी जखम घेऊन माझ्याकडे परत येईनासे झाले.

डॉक्टर जॉन्सन ह्यांचे अज्ञान एका शब्दापुरते होते. त्यांनी ते मोकळेपणी कबूल केले आणि त्यापासून कोणत्याही जनावरास उपद्रव झाला नाही. ज्यांच्या ताब्यात घोडा आहे त्यांचे अज्ञान मात्र मुक्या जीवाच्या कातडीवर उमटते, आणि ते कबूल करावयास कोणी त्यांस विचारीत नाही. टांगे कमी होत चालले आहेत. परंतु माथेरानच्या वाटांवर, समुद्रकिनाऱ्यांवर, वरातींत आणि जत्रांत घोडे आहेत तोवर ते बांधले जाणारच, आणि बांधण्याची जागा हीच राहणार, कारण दोरास दुसरे ठाणे नाही. भाड्याच्या घोड्यास परवाना देताना दात पाहतात, नाल पाहतात, खोगिराखालची पाठ पाहतात. त्या तपासणीत ह्या चार बोटांच्या जागेचाही एक स्वतंत्र रकाना असावा. मागच्या दोन्ही पायांवरील पट्टे सोडवून, प्रत्यक्ष हात लावून ती जागा पाहावी, आणि तेथे वळ आढळल्यास पिछाडी बदलल्याखेरीज परवाना देऊ नये. त्या जागेच्या नावात जो बंध गोवलेला आहे तो निदान इजा न करील असा असावा, एवढी जबाबदारी तो बांधणाऱ्यांवर आहे.